कान्ह्याचा पाव्हणा आणि माझी लाल पेन्सिल

बाळ मेणकापडावर पालथं पडलं होतं. नाक कापडात, दोन्ही हात छातीखाली अडकलेले, आणि रडणं असं की चावडीसमोर बांधलेल्या म्हशी माना वळवून पाहू लागल्या. माझ्या एका हातात घड्याळ होतं, दुसऱ्या हातात खुळखुळा. अर्धं मिनिट थांबायचा नियम होता. बाळाची आजी तान्हूबाई टेबलाला पोट टेकवून उभी होती. ती म्हणाली, "शिस्टरबाई, तुमी उचलता का मी उचलू?"

मी तीस सेकंद पुरे होऊ दिले. मग बाळ तिच्या हवाली केलं आणि कार्डावर लाल फुली मारली. त्या कार्डावरची ती तिसरी लाल फुली होती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा हेल्थ व्हिजिटर होते, म्हणजे दवाखान्यात न बसता गावोगाव हिंडून बाळंतिणी आणि तान्ही मुलं पाहणारी नर्स. लोणावळ्याच्या बाजारात आमचं दोन खोल्यांचं शिशुकेंद्र होतं. मंगळवारी खंडाळ्याची रेल्वे क्वार्टर्स, बुधवारी लोणावळ्याचा बाजार, गुरुवारी कान्हे. घडीचं टेबल, तराजू आणि मेणकापड स्टेशनवरचा हमाल चावडीपर्यंत पोचवायचा आणि मी त्याच्यामागून छत्री घेऊन जायची. वय तिशीच्या आतलं, पुण्याचं सर्टिफिकेट नवंकोरं, आणि नियम पाळण्याची मला भारी हौस. घरी आई म्हणायची, हिला स्वर्गात पाठवलं तर ही तिथेही रजिस्टर मागेल.

आमच्या भिंतीवर एक तक्ता होता. परदेशी छापलेला, कापडावर चिकटवलेला, गुबगुबीत गोऱ्या मुलांची चित्रं असलेला. तिसऱ्या महिन्यात पालथं टाकल्यावर मान उचलणे. पाचव्यात कोपरांवर छाती तोलणे. सहाव्यात कुशीवर वळणे आणि आधाराने बसणे. मूल महिन्याबरहुकूम असलं तर कार्डावर निळी फुली, मागे असलं तर लाल. तीन लाल फुल्या झाल्या की पुण्याला कळवायचं. मग आमचं केंद्र चालवणाऱ्या पुण्याच्या कमिटीच्या मोठ्या डॉक्टरीणबाई ठरवायच्या की मूल वॉर्डात निरीक्षणासाठी ठेवायचं की नाही. वॉर्ड म्हणजे लोखंडी खाटांची लांब खोली. मूल ठेवून घेत, आई परत जाई. भेटायला रविवारी, तेही काचेपलीकडून. संसर्गाची भीती म्हणून तसा नियम होता, आणि त्या वेळी तो मला अगदी योग्य वाटायचा.

तान्हूबाईचा नातू अपुऱ्या दिवसांचा होता. सातव्या महिन्यात जन्मलेला. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सोललेल्या उंदरासारखा दिसत होता, आणि मनात आलं की याचं कार्ड कशाला करायचं. पण तान्हूबाईने त्याला सुपात पिंजलेल्या कापसात ठेवला, चुलीच्या उबेला सूप मांडलं आणि सुनेचं दूध वातीने थेंबथेंब पाजून त्याला जगवला. ते काही माझं कर्तृत्व नव्हतं.

आमचा पहिला खटका उडाला तो वयावरून. मी वय विचारलं की त्याची आई हौसा एक सांगायची आणि पाटलाच्या जन्मनोंदीत दुसरंच निघायचं. त्या तिसऱ्या फुलीच्या दिवशी ती म्हणाली, चार महिने होतील. मी रजिस्टर उघडून दाखवलं की सहा होतात. खेड्यातल्या बायकांना मुलांची वयं कुठे धड माहीत असतात, असं मी तिच्या तोंडावर म्हणाले. तान्हूबाई तेवढंच म्हणाली की तो आला तेव्हा आलाच नव्हता. मला हसू आलं. म्हातारीचं काहीतरीच बोलणं, असं समजून मी पेन्सिलीला टोक केलं.

पुण्याला पत्र गेलं. बुधवारी उत्तर आलं. खाट रिकामी आहे, शनिवारी मी केंद्राच्या तपासणीला येतेच आहे, मूल तपासून संध्याकाळच्या गाडीने बरोबर घेऊन जाईन, घरच्यांना तयार ठेवा. खाली डॉक्टरीणबाईंची सही.

गुरुवारी तान्हूबाई चावडीवर आलीच नाही. मग मीच तिच्या घरी गेले. सकाळची वेळ होती. परड्यात न्हाणीच्या दगडाशी पाणी तापत होतं आणि हौसा मुलाला अंगावर पाजत बसली होती. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मूल मागे आहे. पुण्याला मोठे डॉक्टर आहेत. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. असं पुष्कळ बोलले. अवघड गोष्ट सांगताना मी फार बोलते, ही खोड मला अजून आहे.

हौसा रडली नाही, भांडलीही नाही. तिने एकच विचारलं.

"तितं त्याला दूध कोण पाजंल?"

मी म्हटलं, बाटलीने पाजतात.

"त्याला बाटली ठावं न्हाई," ती म्हणाली, आणि पदर ओढून मुलाला झाकून घेतलं.

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आपली स्वतःचीच लाज वाटली. तान्हूबाईने मात्र माझ्याकडे पाहिलंही नाही. पाणी निवतंय, एवढं म्हणून तिने सुनेकडून पोर घेतलं, दगडावर बसली, लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं, दोन्ही पाय समोर लांब सोडले आणि नातवाला आपल्या नडग्यांवर पालथा घातला. आपल्याकडे तान्ह्या मुलाला असंच न्हाऊ घालतात. मी स्वतः तशीच न्हायले होते, पण ट्रेनिंगमध्ये पांढऱ्या टबात न्हाऊ घालायला शिकल्यापासून ते साफ विसरले होते.

म्हातारीने पाठीवर तेल चोळायला घेतलं आणि माझ्या डोळ्यांदेखत त्या पोराने मान उचलली. नुसती मान नाही, छातीसुद्धा. कोपरं आजीच्या पायाला टेकवली आणि समोर दाणे टिपणाऱ्या कोंबडीकडे टक लावून पाहू लागला. कोंबडी डावीकडे गेली तशी याची मान डावीकडे वळली. मी घड्याळ काढलं. अर्धं मिनिट झालं, एक झालं, मी मोजायचं सोडून दिलं.

"मावशी, हे कधीपासून करतो हा?"

"मान धरून लय दिस झालं. छाती आत्ता आठ दिसापास्नं."

"मग टेबलावर का नाही केलं?"

"तुमचं त्ये कापड बर्फावानी गार. त्यावर उघडं पोट ठिवलं तर तुमी तरी मान उचलाल का?"

मी तिथेच ओट्यावर बसले. म्हटलं, आता मला वयाचंही नीट सांगा. तेव्हा तिने सांगितलं ते असं. त्यांच्या घरात अपुऱ्या दिवसांच्या पोराचं बारसं बाराव्या दिवशी करत नाहीत. नऊ महिने भरायचे तेवढे भरू देतात. तोवर त्याला नाव नाही, कुंची नाही, पाळणा नाही. तोवर तो पाव्हणा. घरात सगळे त्याला पाव्हणाच म्हणतात. दिवस भरले की बारसं, आणि वय मोजायचं ते त्या दिवसापासून. याचं बारसं झाल्याला चार महिने होत आले होते.

मला अजून पटत नव्हतं. जन्मला तो दिवस खरा की नाही, असं मी विचारलं. तान्हूबाईने हात धुतले आणि घरामागच्या खाचरांकडे बोट केलं.

"तरव्यातलं रोप येळंच्या आधी उपटून खाचरात लावलं, तर शेजारच्या खाचरासंगं त्याला लोंबी येती व्हय? त्याचं दीस त्याला भरावंच लागत्यात. त्यात रोपाचा काय दोष?"

तरवा म्हणजे भाताची रोपं आधी दाट वाढवतात तो तुकडा. एवढं मलाही ठाऊक होतं. बाकीचं वाक्य मी गाडीत बसेपर्यंत मनात घोळवत राहिले.

लोणावळ्याला परत येऊन मी कार्डांचा डबा उपडा केला. अपुऱ्या दिवसांची आणखी दोन मुलं माझ्याकडे होती. एक बाजारातल्या कल्हईवाल्या अमीनाबींची नात, तीही सातव्या महिन्यातली. तिच्या कार्डावर दोन लाल फुल्या, म्हणजे एक कमी म्हणून वाचलेली. दुसरा खंडाळ्याच्या क्वार्टर्समधल्या रेल्वे गार्डाचा मुलगा, आठव्या महिन्यातला. त्याची आई मिसेस फर्नांडिस इंग्रजी बोलायची, केक द्यायची. त्याच्या कार्डावर सगळ्या फुल्या निळ्या. मी त्याच्या तारखा आणि माझे शेरे पुन्हा वाचले. तिसऱ्या महिन्यात 'मान थोडी उचलतो' असं मीच लिहिलेलं. थोडी म्हणजे उचलत नव्हता. कान्ह्याचं पोर असतं तर मी लाल पेन्सिल घेतली असती. पडदे लावलेल्या घरातलं मूल मागे कसं असेल, असं वाटून माझा हात निळीकडे गेला होता. नियमाची एवढी हौस असलेली मी, आणि मीच असा भेद केला होता.

शनिवारी तिन्ही घरांना मी केंद्रावर बोलावलं. डॉक्टरीणबाई सकाळच्या गाडीने आल्या. उंच, गोऱ्या, बुटांचा टकटक आवाज. पुण्यात त्यांच्यासमोर भलेभले डॉक्टर चळचळ कापत. मी त्यांना आधी ऑफिसात गाठून सगळं सांगितलं. पाव्हणा, बारसं, नडग्या, तरवा. त्यांनी चष्मा पुसला.

"सिस्टर, तक्ता हजारो मुलं पाहून केला आहे. मूल इंग्लंडचं असो की मावळातलं, पळसाला पानं तीनच. आज तुम्ही आजीच्या पायाला टेबल म्हणाल, उद्या म्हशीच्या पाठीला म्हणाल."

मी म्हटलं, बाई, एकदा पाहा तरी. त्या म्हणाल्या, पाहायलाच आले आहे.

कान्ह्याचं पोर टेबलावर गेलं. अपेक्षेप्रमाणे नाक कापडात आणि आरडाओरडा. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. हौसा दाराशी उभी होती. तिने पोराची दोन अंगडी, दुपटं, काळा दोरा असं सगळं गाठोड्यात बांधून आणलं होतं, म्हणजे संध्याकाळी न्यायचंच असं धरूनच ती आली होती. ते गाठोडं पाहून माझा धीर सुटत चालला. मी तान्हूबाईला म्हटलं, मावशी, बसा खाली, घ्या पायावर.

तान्हूबाई बसली नाही. तिने डॉक्टरीणबाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाली, "मी घेतलं तर तुमी म्हणाल म्हातारीनं आतनं हलवलं. तुमीच बसा, बाई."

मला वाटलं, आता माझी नोकरी संपली. पण बाईंनी एक क्षण विचार केला, खुर्चीवर टेकून बूट काढले, मोजे काढले, जरीकाठी लुगडं सावरलं आणि सरळ जमिनीवर बसून पाय लांब केले. तान्हूबाईने त्यांच्या नडग्या तेलकट हाताने जरा जवळ सरकवल्या, फार फट नको म्हणून, आणि पोर पालथं ठेवलं.

पोराने दोन क्षण हुंकार दिला. मग मान वर. मग छाती. कोपरं बाईंच्या घोट्याशी टेकवून तो त्यांच्या मोकळ्या पायाच्या बोटांकडे मोठ्या कुतूहलाने बघू लागला. बाईंनी अंगठा हलवला. त्याने मान वळवून अंगठा पाहिला. बाईंनी दुसऱ्या पायाचा हलवला. त्याने तोही पाहिला. एवढ्या मोठ्या डॉक्टर, पण पायाचे अंगठे आळीपाळीने हलवत किती वेळ बसल्या होत्या ते मी सांगत नाही. शेवटी पोराने आपल्या परीने निकाल दिला आणि जरीकाठ भिजला.

"हे पूर्ण दिवसांपासून मोजलं तर किती महिन्यांचं?" बाईंनी तशाच बसून विचारलं.

मी म्हटलं, चार.

"चारला हे एवढं पुरे आहे. पण एका मुलावरून मी काही मानणार नाही. तो दुसरा आणा."

मिसेस फर्नांडिसचा मुलगा आणला. गुटगुटीत, पांढऱ्या फ्रॉकमध्ये. तो टेबलावर मजेत पालथा पडला आणि मान ताठ करून सगळ्यांकडे बघून हसला. घरी तो रोज सतरंजीवर पालथाच खेळायचा. मग बाईंनी त्याला पायावर घेतलं. त्याने एकच टाहो फोडला, तोंड बाईंच्या लुगड्यात खुपसलं आणि दोन्ही पाय झाडले. मान काही वर येईना. मिसेस फर्नांडिस गोरीमोरी होऊन सांगू लागली की असं तो कधीच करत नाही. तान्हूबाईने तिची समजूत घातली. म्हणाली, "त्याला सवं न्हाई, बाय. आमच्यालाबी तुमचं टेबल सवंचं न्हाई."

अमीनाबींची नात उरली होती. ती दिवसभर झोळीत असायची, कारण घरात कल्हईची भट्टी, जमिनीवर निखारे, मुलीला खाली कोण ठेवणार. टेबलावर तिला कुशीवर वळता येईना. पायावर घेतली तर मान छान उचलली. अमीनाबी मला बाजूला घेऊन म्हणाल्या की डॉक्टरीणबाईंना सांग, हिला काखेत धरून उभी करा, मग बघा. बाईंनी धरलं. पोरगी त्यांच्या मांडीवर असे पाय आपटू लागली की बाईंचा चष्मा नाकावरून घसरला. गार्डाचा मुलगा उभा धरला तर त्याचे पाय मात्र लुळे लोंबत होते. तक्त्यात पाय टेकून उभं राहणं हे पुढच्या महिन्यांचं काम होतं. अमीनाबींनी ते लोंबते पाय अर्थातच पाहिले आणि पदराआड हसून घेतलं.

बाई उठल्या, हात धुतले आणि माझी तिन्ही कार्डं मागितली. मी फर्नांडिसच्या कार्डावरची तिसऱ्या महिन्याची निळी फुलीही त्यांना दाखवली आणि ती कशी पडली ते सांगितलं. न सांगता चाललं असतं. पण त्या दिवशी लपवायला मन होईना. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "तक्त्याची चूक मी निस्तरते. ही तुमची आहे, ती तुम्ही निस्तरा."

मग त्यांनी टाक घेतला आणि प्रत्येक कार्डाच्या डोक्यावर दोन नव्या ओळी आखल्या. एक, दिवस भरण्याची तारीख. दोन, मूल घरी कशावर खेळतं आणि कशावर ठेवून पाहिलं. कान्ह्याच्या पोराच्या लाल फुल्यांवर त्यांनी आडवी रेघ मारून सही केली. पुण्याच्या वॉर्डाला तार करून खाट दुसऱ्याला द्यायला सांगितली. सगळ्यात शेवटी मला म्हणाल्या की दर महिन्याला बघत राहा, पुढे खरंच मागे पडला तर मला कळवा, पण आधी सतरंजी घ्या आणि ती उन्हात तापवा. पुढे कमिटीत या दोन ओळींवरून बराच वाद झाला म्हणे. इतर केंद्रांनी त्या घेतल्या की नाही ते मला ठाऊक नाही. आमच्या केंद्रात मात्र मी रिटायर होईपर्यंत त्या राहिल्या.

आत काय ठरलं ते हौसाला कळलंच नव्हतं. ती दाराशी गाठोडं धरून उभीच होती. मी जाऊन म्हटलं, हौसा, पोराला न्यायचं नाही, घरी घेऊन जा. तिने माझ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. मग म्हणाली, "लिवून द्या."

मी म्हटलं, अगं, तुला वाचता कुठे येतं?

"त्याला न्यायाला कागद आलता," ती म्हणाली. "ऱ्हावू द्यायालाबी कागद पायजे."

डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने मराठीत लिहून दिलं. हे मूल ठणठणीत आहे, आईपाशीच राहील. खाली सही आणि केंद्राचा शिक्का. हौसाने तो कागद गाठोड्यात अंगड्यांच्या मध्ये ठेवला, पोराला कडेवर घेतलं आणि सासूच्या पुढे स्टेशनच्या वाटेला लागली. संध्याकाळच्या गाडीने बाई एकट्याच पुण्याला गेल्या, ओल्या जरीकाठासकट.

फर्नांडिसच्या मुलाच्या कार्डावरची ती तिसऱ्या महिन्याची निळी फुली मी खोडली आणि पूर्ण दिवसांपासून मोजून पुन्हा भरली. ती निळीच आली. पण या वेळी ती त्या मुलाची स्वतःची होती. त्यानंतर तीसेक वर्षं मी मुलं मोजली, आणि एवढंच शिकले की मूल मागे आहे असं लिहिण्याआधी आपण कुठून मोजायला लागलो ते एकदा बघून घ्यावं.